पिवळा दिवा आणि चाळीस किलो वाळू

१९ नोव्हेंबर, सकाळ
आज गाडीने मला दगा दिला. घरासमोरच्या रॅम्पवर बायकोने, मनकर्णाने, सडा टाकला होता. चढताना चाक घसरलं. मी ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनने आवाज वाढवायच्या ऐवजी कमी केला! समोर एक पिवळा दिवा लुकलुकला. गाडी चढली, पण माझ्या मर्जीने नाही. स्टील प्लांटमध्ये एकतीस वर्षं रुळावरचं इंजिन चालवलं, वितळलेल्या लोखंडाचे हंडे, म्हणजे लॅडल, ओढले. एकाही इंजिनाने असं उलट उत्तर दिलं नाही.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ
समीक्षा रायपूरहून ऑफिस करून आली. तिला विचारलं. म्हणाली, बाबा, याले ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. प्रत्येक चाकाजवळ सेन्सर असतो. तो फेरे मोजतो. एक चाक फुकट फिरायला लागलं की कॉम्प्युटर त्याला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर कमी करतो, मग ताकद पकड असलेल्या चाकाला मिळते. मी म्हटलं, समजलं.
म्हणजे चार चाकांवर चार चुगलखोर बसवले आहेत. माझ्या पायावर भरवसा नाही.
हे बंद करायचं बटन असतं, ते मात्र ती बोलली नाही. मला गाडीच्या पुस्तकात सापडलं. पोटची पोरगी लपवते.

२० नोव्हेंबर
समीक्षाचं लग्न १० डिसेंबरला. तिला हॉलवर कोण नेणार, हा विषय निघाला. ती पहिलीत असताना मी तिला सायकलच्या कॅरिअरवर शाळेत नेत होतो, तेव्हाच बोललो होतो की लग्नातही मीच नेईन. मनकर्णा म्हणाली, भाड्याचा ड्रायव्हर पाहा, तुमी गेट दोनदा ठोकलं. (गेट आधीच वाकडं होतं.)
समीक्षा म्हणाली, नाही, बाबाच नेतीन. पण एक शर्त. बाबा, वो बटन बंद मत करना. वचन द्या.
दिलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुळीमुळे.

२३ नोव्हेंबर
वचन लग्नाच्या दिवसाचं होतं. आज लग्न नाही. बटन बंद केलं.
गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तर ते आपोआप चालू! पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा चालू. असा विश्वासघात मी माणसांतही पाहिला नाही.

२६ नोव्हेंबर
उपाय सापडला. शामसुंदर आला होता. प्लांटमध्ये एकोणीस वर्षं माझ्या इंजिनावर शंटर होता, डबे जोडायचा-सोडवायचा. त्याला म्हटलं, आठवतं का, चाक घसरलं की आपण काय करत होतो? पेडल दाबायचं, पेटीतली वाळू पाइपातून रुळावर पडायची, चाक धरायचं. कॉम्प्युटर नाही, चुगली नाही.
प्लॅन: डिकीत चाळीस किलो वाळू. दोन पीव्हीसी पाइप, मागच्या दोन चाकांसमोर सोडलेले. सीटजवळ सायकलच्या ब्रेकची वायर. ओढली की वाळू.
शामसुंदर मागच्या चाकांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तुमी म्हणता तं करू साहेब. असा माणूस पाहिजे.

१ डिसेंबर
ट्रायल. कोरडा रस्ता. वायर ओढली, वाळू पडली, गाडी चालली. यशस्वी. मनकर्णा म्हणाली, कोरड्यात तं वाळूबिनाही चालते. तिला टेक्निकल गोष्टींत रस नाही.
समीक्षाने विचारलं, बाबा, गाडीचं तोंड वर कावून झालं? डिकीत काय आहे? मी म्हटलं, लग्नाचं सामान. लग्नासाठीच आहे, म्हणजे खोटं नाही.

९ डिसेंबर
उद्या. शांतपणे विचार केला. एका इंजिनावर दोन ऑपरेटर नको. वाळू असेल तर बटन बंदच पाहिजे. समीक्षाने वचन मागितलं तेव्हा तिला वाळूची माहिती नव्हती. माहिती असती तर मागितलं नसतं. म्हणजे वचन लागू होत नाही.
छान झोप येईल.

११ डिसेंबर, सकाळ
काल लिहिता आलं नाही. नवीन पँट अजून भिजत घातली आहे.
गल्लीत टँकरवाल्याने पाणी सांडून ठेवलं होतं. समोरून बँडची गाडी आली, मी बाजूला घेतलं. डावी चाकं काळ्या चिखलात, उजवी सिमेंटवर. मागे समीक्षा शालू नेसून बसलेली, शेजारी मनकर्णा. मुहूर्ताला वीस मिनिटं.
मी रेस दिली. वायर ओढली. वाळू पडली, चांगला ढीग झाला. गाडी जागची हलली नाही. पुन्हा रेस. आणखी रुतली.
शामसुंदर मागून स्कूटरवर येत होता. उतरून त्याला विचारलं, धरत का नाही? म्हणाला, साहेब, या गाडीले पुढची चाकं ओढतात. मागची नुसती मागं मागं येऊन राहिली.
विचारलं, तुला केव्हापासून माहीत? म्हणाला, पाइप लावला तवापासून. मग बोलला का नाही? म्हणाला, तुमीच तं शिकवलं, इंजिनावर ऑपरेटरले मधात टोकायचं नाही. आज तुमी विचारलं, सांगतलं.
एकोणीस वर्षांची दोस्ती.
मी मागे जाऊन ढकलायला लागलो. समीक्षा शालू सावरत ड्रायव्हरच्या सीटवर गेली. डॅशबोर्डवर ‘ऑफ’चा दिवा पेटलेला होता. तो तिने पाहिला. मग आरशातून मला पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बटन दाबलं, हळूच रेस दिली. चिखलातलं चाक थांबलं, सिमेंटवरच्याने धरलं आणि गाडी निघून गेली. मी दोन्ही हात पुढे करून तसाच उभा.
नवरी स्वतः गाडी चालवत हॉलवर गेली. बाप मागून स्कूटरवर.
पाठवणीच्या वेळी एवढंच म्हणाली, बाबा, वचन दिलं होतं ना. मी सांगणार होतो की गाडीने दगा दिला, शामसुंदरने दगा दिला. यादी तयार होती. मी नवरदेवाच्या गाडीचं दार तिच्यासाठी उघडलं.

१२ डिसेंबर
काल दिवसभर गाडीला हात लावला नाही. हॉलवरून ती शामसुंदरनेच आणून बाहेर लावली होती. आज डिकीतली वाळू काढली, तुळशीत टाकली. मनकर्णाने वरून पाणी घातलं. पोरगी गेली की घर फार मोठं वाटतं.
गाडी आत घ्यायला बसलो. बटनावर आहेराची पाकिटं चिकटवायची पट्टी लावलेली होती. वर पेनाने समीक्षाचं अक्षर: बाबा. बाकी काही नाही. काढून बघावीशी वाटली. काढली नाही.
रॅम्पवर सडा ओला होता. चाक घसरलं. पिवळा दिवा लुकलुकला.
मी पाय थोडा उचलला.