मुख्य टेस्टरला सर्दी होत नसते

२ फेब्रुवारी
सकाळी उठल्यापासून शिंका. कारण : उशीतला कापूस. उशी बदलायला हवी, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, उशी लग्नातली आहे, इतकी वर्षं नाही शिंकलात. बायकांना कार्यकारणभाव कळत नाही.

ऑफिसात नवी नोटीस. कंपनीच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी लावली आहे, तीही थेट आमच्या चहाच्या टेस्टिंग रूमच्या दारावर. साथ आहे. शिंकताना तोंडावर कोपर धरा. हात साबणाने धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. ताप-खोकला असेल तर घरी थांबा. आणि तळाशी, जाड अक्षरांत, खास आमच्यासाठी : प्रत्येक टेस्टरने आपले कप वेगळे ठेवावेत.

वेगळे कप! या खोलीत मी आल्यापासून कपांची एकच रांग लागते. मी पुढे. माझ्या मागे असिस्टंट, ज्याला मी उपनाक म्हणतो. त्याच्या मागे तिसऱ्या बाई, ज्यांना सगळेच तिसऱ्या बाई म्हणतात. मी कपात चमचा बुडवतो, सुर्रकन ओढतो, पिकदाणीत टाकतो, पुढे सरकतो. मग त्याच कपात त्यांचे चमचे. एकाच चहाबद्दल मत द्यायचं तर चहा एकाच कपातला नको? डॉक्टरीणबाई बहुतेक कॉफी पितात.

नोटिशीवर कॅलेंडर टांगलं.

३ फेब्रुवारी
मोठी बातमी. थोरल्या साहेबांनी बोलावलं. हॉटेलवाल्यांची भली मोठी ऑर्डर आली आहे. त्यांचं खास ब्लेंड मी पास करायचं. साहेब म्हणाले, हे नीट पार पडलं तर निवृत्तीपर्यंत खुर्ची तुमची. नाही तर तरुण माणसाला पुढे आणू, तुम्ही सल्लागार व्हा.

सल्लागाराची खोली जिन्याखाली आहे. माझ्या आधीचे मुख्य टेस्टर तिथे बसत. सुरुवातीला त्यांना रोज चहा जायचा. मग नुसता पेपर. मग कालचा पेपर.

संकल्प : ऑर्डर जाईपर्यंत एकही रजा नाही. उपनाकाला खुर्चीचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही.

५ फेब्रुवारी
अंग जरा गरम. ताप नाही. थर्मामीटर म्हणतो ताप आहे, पण तो सासूबाईंचा आहे आणि त्यांच्यासारखाच वाढवून सांगतो.

हिने माझा बिछाना बाजूच्या खोलीत नेला. टॉवेल वेगळा, ताट वेगळं, खिडक्या सताड उघड्या, स्वतःच्या तोंडाला मास्क. मी विचारलं, मला वाळीत टाकलंय का. म्हणाली, वाळीत नाही, बाजूच्या खोलीत. आईच्या छातीला आता काही सोसायचं नाही. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, जावईबापू, दार ओढून घ्या.

ऑफिसला गेलो. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, खोकताय. मी म्हटलं, चहाचा ठसका. म्हणाल्या, चहाचा ट्रे अजून यायचाय. मग मास्क पुढे केला. त्यांना शांतपणे समजावलं की मास्क लावून चहा चाखणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चष्म्याचा नंबर काढणं. त्या म्हणाल्या, म्हणूनच घरी जा म्हणतेय.

गेलो नाही. पूर्ण रांग चाखली.

७ फेब्रुवारी
ताप गेला. औषध नाही, आराम नाही, निव्वळ मनोधैर्य. आजार म्हणजे पन्नास टक्के मान्यता असते. आपण मान्यता दिली नाही की तो जातो.

सकाळी दूध करपलं. ही मागच्या अंगणातून धावत आली. म्हणाली, घरभर धूर झालाय, स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलाय, वास नाही आला? मी म्हटलं, हे नाक कंपनीच्या कामासाठी राखून ठेवलंय, घरगुती गोष्टींसाठी वापरत नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. आदर असावा.

१० फेब्रुवारी
उपनाक तापाने फणफणला. दुपारी तिसऱ्या बाईंचं डोकं धरलं. संध्याकाळी कप विसळणारा माणूस बसल्याजागी कण्हायला लागला. आजारसुद्धा अगदी हुद्द्याप्रमाणे पसरला. सुरुवात उपनाकापासून. मुख्य टेस्टरच्या हुद्द्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

उपनाक म्हणाला, सर, मी डॉक्टरीणबाईंचं ऐकतो, आठवडाभर घरी थांबतो. ऐन ऑर्डरीच्या तोंडावर! मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, बाबा रे, तब्येतीपेक्षा मोठं काही नाही. मैदान मोकळं.

११ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई साहेबांच्या केबिनमध्ये. टेस्टिंग रूम आठवडाभर बंद करा म्हणतात. साहेबांनी मला विचारलं. मी स्वच्छतेच्या विरोधात नाही, कोणीही समजू नये. मी तोडगा काढला : रूम चालू ठेवू, त्याऐवजी माझ्या देखरेखीखाली अख्खं गोदाम फिनेलने धुऊन काढू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार हवेतून जातोय, तुमच्या त्या उष्ट्या कपांतून जातोय, गोदामाची फरशी कोणाच्या तोंडावर खोकत नाहीये. पण साहेबांना फरशी पटली. फरशी धुतलेली दिसते. हवा दिसत नाही.

विजय.

१२ फेब्रुवारी
गोदाम धुतलं. फिनेल भेसळीचं निघालं. मी स्वतः वाकून पाहिलं, वास म्हणून नाही. हल्ली कशातच दम राहिलेला नाही. अजून दोन कॅन ओतायला लावले. तरी नाही. मग खोक्यांवरूनही ओला बोळा फिरवून घेतला.

गोदाम सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. मामा नाकाला रुमाल लावून बाहेर उभे. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, साहेब, आत चहा आहे, चहा लगेच वास धरतो. मी म्हटलं, मामा, चहा मला शिकवू नका, आणि वास असेल तर धरेल ना. तो रुमाल डॉक्टरीणबाईंच्या शिकवणीचा परिणाम. भित्री माणसं.

१४ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. हॉटेलवाल्यांचं ब्लेंड चाखलं. मी पुढे, मागे फक्त तिसऱ्या बाई, नाक लाल, हातात रुमाल. एक एक कप ओढला. अतिशय स्वच्छ चहा. इतका स्वच्छ की जिभेवर काहीच उरत नाही. शेरा लिहिला : निर्मळ, संयमी, कुठेही आगाऊपणा नाही.

तिसऱ्या बाईंना मत विचारलं. म्हणाल्या, सर, मला काहीच वेगळं जाणवत नाही. खरं तर मला काहीच जाणवत नाही. एकमत. पास.

कप विसळायला आलेला बदली माणूस ट्रे उचलता उचलता म्हणाला, हे कप आधीच फिनेलने धुतलेत का. त्याला विनोदबुद्धी आहे. पुढे त्रास होईल.

१५ फेब्रुवारी
माल रवाना. एक पाकीट घरी आणलं. हिला म्हटलं, राजेरजवाड्यांच्या तोंडी पडणार नाही असा चहा आहे, जपून वापर. हिने पाकीट नाकाशी नेलं, लांब धरलं, म्हणाली, जपूनच वापरते.

घरात सासूबाईंना शिंक नाही, हिला खोकला नाही. मला काही झालंच नव्हतं याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? हिला हेच सांगितलं. ही खिडकी पुसत होती. नुसती हसली.

१९ फेब्रुवारी
हॉटेलवाल्यांचा फोन. साहेबांनी दार लावून घेतलं. त्यांच्या पाहुण्यांनी विचारलं म्हणे, चहा कपात आणता की बादलीत. सगळी खोकी परत येत आहेत.

साहेबांनी माझ्यासमोर कप ठेवला. स्वतः एक घोट घेतला आणि खिडकीकडे धावले. मग मला म्हणाले, तुम्ही प्या आणि सांगा. मी प्यायलो. म्हटलं, साहेब, निर्मळ आहे. साहेबांनी खिशातून बाम काढला, झाकण उघडलं, माझ्या नाकाखाली धरलं आणि विचारलं, हे काय आहे.

मी म्हटलं, अं... आसाम?

२१ फेब्रुवारी
उपनाक परत आला. ठणठणीत. आठवडाभर झोपा काढून माणूस ठणठणीत होणारच, त्यात कर्तबगारी कसली. खुर्ची त्याला. पहिलंच काम म्हणजे प्रत्येकासाठी वेगळे कप मागवले. परंपरा एका दिवसात मोडली. मला भेटायला जिन्याखाली आला होता. म्हणाला, सर, नाक येईल परत, काळजी करू नका. मी म्हटलं, गेलंय कुठे.

मला नवीन जबाबदारी मिळाली आहे : डॉक्टरीणबाईंच्या नोटिसा जागच्या जागी आहेत ना, त्यांवर कोणी कॅलेंडर तर टांगत नाही ना, हे बघायचं. आज पेपर मिळाला. आजचा.

२४ फेब्रुवारी, सकाळ
नाक परत आलं. म्हणजे होतंच, पण आज जरा जास्त आलं. आधी साबणाचा वास, मग उशीचा (कापसाबद्दल माझं मत खरं होतं), मग हिने चहाचा कप आणून ठेवला आणि सरकारी हॉस्पिटलचा फिनेलने पुसलेला अख्खा जिना माझ्यासमोर उभा राहिला.

हिला विचारलं, हे काय आहे. म्हणाली, तुमचं ते राजेरजवाड्यांचं. मी विचारलं, आणि तुम्ही इतके दिवस हे पिताय? म्हणाली, छे हो, आम्ही दोघी कॉफी पितो. तुम्ही जपून वापर म्हणालात ना, म्हणून सगळं तुमच्यासाठीच राखून ठेवलं, रोज दोन वेळा. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, अजून अर्धं पाकीट आहे.

दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या.

सुर्रकन ओढला. पिकदाणी मागितली नाही. शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि म्हटलं, निर्मळ.

प्रश्न चहाचा नव्हता.