रिकाम्या खाडीतला आवाज

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! घर खाडीच्या तोंडाशी, लाकडी खांबांवर उभं. मोठ्या भरतीला पाणी म्हणे थेट घराखालून वाहतं. वर माझी खोली, खाली स्वयंपाकघर आणि उपकरणांची खोली. खिडकीतून समुद्र आणि खाडी दोन्ही दिसतात, असं ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, आधी गॅस पेटतो का ते बघ.

मागच्या महिन्यातल्या चक्रीवादळानं खाडीतल्या जिवांचं काय झालं आणि पहिल्यांदा कोण परत येतं, हे मला नोंदवायचंय. माझे गाईड सर म्हणतात, वादळानं पाटी पुसली; आता तिच्यावर आधी कोण लिहितं ते बघ. होडीवाल्याला सगळे कप्तान म्हणतात. होडी एवढीशी, थाट मात्र जहाजाचा.

५ ऑक्टोबर
कांदळवनाची मुळं उघडी पडलीत. पाणी समुद्राइतकं खारट. चिखल इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत, त्यात खेकड्याचं एकही बीळ नाही. बगळे काठावर उतरतात, पण पाण्यात पाय घालत नाहीत.

कप्तानची बायको त्या वादळात गेली, हे आज कळलं. घरात पाणी शिरलं आणि हातातला हात सुटला. देह मिळाला नाही. सांगताना त्याचं वल्हं क्षणभरही थांबलं नाही.

८ ऑक्टोबर
पाण्याखाली मायक्रोफोन सोडला. जिवंत खाडी कधी गप्प नसते. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तशी कोळंबी सारखी वाजत असते. इथे काहीच नाही. मग खूप खोलातून काहीतरी घुमल्यासारखं आलं. कुणाच्या तरी घशातून यावं तसं.

हेडफोन कप्तानला द्यायला नको होते. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“माझी बायको आहे,” तो म्हणाला. “‘अहो, ऐकलंत का,’ म्हणतेय.”

मी पुन्हा कानाला लावले. हेच शब्द होते.

९ ऑक्टोबर
सरांना आवाज पाठवला. लांबच्या एखाद्या इंजिनाचा असेल, म्हणाले, नीट झोप घे. मला पटवून घ्यायचं होतं, पण दिवसभर तेच ऐकत बसले. रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य कितीतरी वेळा येतं; दर वेळी तेवढाच दम, त्याच जागी थांबणं. माणूस एकच वाक्य इतकं तंतोतंत पुन्हा म्हणत नाही. हे पाठ केलेलं आहे.

११ ऑक्टोबर
कप्तान आला नाही. होडी काठाला नीट बांधलेली. चिखलात त्याची पावलं पाण्याकडे गेलेली, परतीची नाहीत. गावकऱ्यांनी संध्याकाळपर्यंत शोधलं. बायकोमागे गेला बिचारा, असं सगळे म्हणताहेत. कुणी बोलावलं त्याला, हे मी सांगितलं नाही. काय सांगणार?

१२ ऑक्टोबर
होडी घेऊन एकटीच गेले. मायक्रोफोन सोडला.

“मॅडम, होडी तयार आहे.”

कप्तानचा आवाज! मला इतका आनंद झाला की पाण्यावर वाकून ओरडले, “कप्तान, कुठे आहात?”

सगळं शांत झालं. मग ओहोटीच्या उलट, पात्राच्या मधोमध पाणी फुगलं आणि माझ्याकडे सरकू लागलं. काठावर कशी पोचले, आठवत नाही.

१३ ऑक्टोबर
रिकामी जागा रिकामी राहत नाही. वादळाबरोबर खोल समुद्रातून काहीतरी आत आलंय. खेकडे, मासे, जे उरलं होतं ते संपवलं. आता ते हाका मारतंय. ज्याला गिळतं त्याचा आवाज त्याच्याकडे राहतो.

सर हसले नाहीत. पाण्याजवळ जाऊ नकोस, सामान तिथेच सोडून निघ, म्हणाले. पण रस्त्यापर्यंतचा चिखल एकटीनं तुडवायचा धीर होत नाही. फोनवर माझा आवाज ऐकून ताई परवा मला न्यायला येते म्हणाली. मी नको नको म्हटलं. ऐकेल तर ती ताई कसली.

१४ ऑक्टोबर
मायक्रोफोन काढलाय. वायरही गुंडाळून ठेवलीय. तरी ऐकू येतं. फळ्यांच्या खालून.

कप्तान, कुठे आहात. कप्तान, कुठे आहात.

माझा आवाज. मला गिळलेलं नाही आणि तरी —

दुपारी बदललं. ताई, कधी येतेस. हे मी पाण्याला कधीच म्हटलं नव्हतं. सकाळी ताईला फोनवर म्हटलं होतं. याच खोलीत.

१५ ऑक्टोबर
ताई आली. तिच्यामागोमाग भरती चढली. जिन्याच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या, गाडी पलीकडे रस्त्यावर. ओसरलं की निघायचं. तिला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

ती खाली माझी भांडी बांधतेय. मी वर कागद आवरतेय. तिला बजावलंय, कुणी काहीही म्हटलं तरी दार —

ताई बोलतेय. “आले गं, थांब जरा,” म्हणतेय.

मी हाक मारलेली नाही. मी तर इथे वर —

खालच्या दाराची कडी —

ताई, ती मी ना