पांढऱ्या कोंबड्या कुणी नेल्या

मामंजी, मी तुमची धाकटी सून. ओळख सांगावीच लागते, कारण जिवंतपणी बारा वर्षं मला थोरलीच्या नावानं हाका मारल्यात. आता मेल्यावर काय आठवणार! मला अक्षर येत नाही. मी बोलते, कॉलेजात जाणारी नात लिहिते.

फौजेच्या रिसाल्यातून पेन्शनीत आल्यावर तुम्ही परसात कोंबड्या पाळल्यात, निम्म्या पांढऱ्या, निम्म्या मातकट. पांढऱ्यांवर तुमचा भारी जीव. नेमक्या त्याच दरसाल कमी व्हायला लागल्या, आणि तुम्ही चारचौघांत म्हणालात, "धाकटी इंदरगंजात माहेरी पोचवते." तेव्हापासून मी माहेरी निघाले की थोरली माझं गाठोडं सोडून बघायची. मग मी परसात ठाण मांडून बसले. घार यायची. आपल्या मातीवर मातकट पिल्लू वरून दिसतच नसे, पांढरं लख्ख. मी सांगितलं तर मिशीत हसलात, "घारीला रंगाची पारख? सराफ्यात बसते काय ती?" मी पांढऱ्या पिल्लांना चिखल चोपडला. पंधरा दिवस एकही गेलं नाही. तुम्ही ओरडलात, "रंगपंचमी आहे का?" आणि सगळी धुवून काढलीत. दुपारी तुमच्या डोळ्यांदेखत घारीनं एक उचललं. तर म्हणालात काय, "तिलाही तूच शिकवलंस!"

नात म्हणते, "आजी, यही तो है निसर्गाची निवड! जी वाचली त्यांचीच पिल्लं झाली, म्हणून पिढीमागून पिढी पांढऱ्याचं बीज घटत गेलं." मी म्हटलं, मग मामंजी गेल्यावर दोन मातकटांच्या अंड्यातून पांढरं पिल्लू कसं निघालं? तर म्हणे, मातकटाच्या पोटात पांढऱ्याचं बीज लपून राहतं. आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पीस पांढरं. घार पीस बघते, पोटातलं तिला कुठलं दिसायला! म्हणून ते बीज घटतं, पण सहजी संपत नाही. ऐकलंत? बुकात आहे हे. मी बुकाशिवाय सांगत होते. तेव्हा तुमच्या पायावर डोकं ठेवून माफी मागितली नाही, आजही मागत नाही.

नात विचारते, पत्र टाकायचं कुठं? कुठंच नाही, राहू दे. एवढं मात्र लिही: माझी आई तापातून उठली तेव्हा तिच्या रश्श्यासाठी एक पांढरी मी खरंच नेली होती. एकच. बाकी सगळ्या घारीच्या. आई आता तिकडेच आहे, मामंजी. तिला सांगून तसाच रस्सा वाटीभर पाठवा, खोबरं भाजून, तिखट बेतानं. तुकडे तुम्हीच खा, मला दात राहिले नाहीत.