कासव धरण्याची परवानगी

प्रिय अण्णा,

सासऱ्यांना ‘प्रिय’ लिहीत नाहीत, ‘तीर्थरूप’ लिहितात, हे मला ठाऊक आहे. पण तीर्थरूप लिहिलं की पाठोपाठ साष्टांग नमस्कार येतो, मग इकडील सर्व क्षेम येतं, आणि सांगायचं ते राहूनच जातं. आज एवढं चालवून घ्या.

लिहायला कारण असं, की शुक्रवारी बागेच्या मंडळाची वार्षिक सभा आहे. आपला तो शहराबाहेरचा भाड्याचा बागेचा तुकडा, ज्याला इथे जर्मनीत श्रेबरगार्टन म्हणतात आणि तुम्ही जाईपर्यंत ‘वाडी’च म्हणत राहिलात, तो आमच्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, हे त्या सभेत ठरणार आहे. विषयपत्रिकेवर आपण चौथे आहोत. ‘स्वतःच्या वापरासाठी निसर्गातलं कासव पकडून बागेत ठेवणे.’ त्यावर माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. सकाळपासून तोच लिहायला बसलेय. दोन ओळी झाल्या, आणि दोन्ही वाचवेनात. म्हणून तो कागद बाजूला सारून हा ओढला.

स्वतःच्या वापरासाठी! तुम्ही स्वतःच्या वापरासाठी आयुष्यात काय घेतलंत हो? इथे तीन महिने होतात तर कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दाढीचं ब्लेड आणलंत, तेही तुमच्या लेकाला, समीरला ‘आणू का?’ विचारून.

गेल्या जूनमध्ये आलात तेव्हा मी खूश नव्हते, हे आज सांगून टाकते. तुम्हाला ते कळलं असणारच. घर दोन खोल्यांचं, माझं अर्धं काम घरूनच, दिवसभर कानात हेडफोन. समीर सकाळी सातला कारखान्यात जायचा तो संध्याकाळी उगवायचा. म्हणजे दिवसभर तुम्ही आणि मी. नाश्ता, चहा, जेवण, पुन्हा चहा. तुम्ही काही मागत नव्हतात. पण न मागणाऱ्या माणसाचं जास्तच बघावं लागतं, अण्णा. मी दमून जायचे. अजूनही दमलेलीच आहे, फक्त आता त्याला तुमचं निमित्त नाही.

म्हणून वाडीची वाट तुम्हाला दाखवली. ट्रामने चार थांबे. म्हटलं, जाऊ देत, रमतील. आणि कसले रमलात!

पहिल्याच रविवारी तुम्ही पावसाच्या पाण्याच्या त्या जुन्या सिमेंटच्या हौदावर ओणवे झालात. बराच वेळ बघून डॉक्टरने निदान सांगावं तसं म्हणालात, “सूनबाई, अळ्या आहेत. क्यूलेक्स.” तीस वर्षं हिवताप खात्यात घरोघरचे हौद, रांजण, टायर तपासत फिरलेला माणूस! ऱ्हाईन नदीकाठच्या डासांना काय माहीत की रत्नागिरीहून त्यांचा तपासनीस आलाय.

मग तुम्ही शेजारच्यांची पिंपं उघडून बघायला लागलात. बघून झालं की खडूने पिंपावर तारीख आणि खाली सही. खात्याची पद्धत! शेजारच्या बागेतल्या फ्राऊ क्रेमर मला विचारायला आल्या, “फ्राऊ सावंत, तुमचे ओपा, हे आजोबा, माझ्या पिंपावर काय लिहितायत?” मी म्हटलं, “तुमचं पिंप पास झालंय.” त्या हसल्या नाहीत. मी मात्र ट्राममध्ये एकटीच हसत होते.

हौदात टाकायला बाजारात गोळ्या मिळतात, असं मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. “गोळ्या कशाला गो? कासव सोडावं, ते अळ्या खातं.” आणि मग सांगितलंत, तुमच्या गावात नवी विहीर खणली की पाणी लागल्यावर नारळ फोडतात आणि तुम्हाला बोलावणं येतं. का, तर अण्णांनी धरलेलं कासव विहिरीला मानवतं. समीरच्या आई होत्या तेव्हा त्या चिडवायच्या म्हणे, ‘माझ्या माहेरच्या विहिरीला कासव द्यायला आले आणि मला घेऊन गेले!’

मी ऐकत होते का? अर्धवट. मोबाईलवर मेल वाचत वाचत.

आता त्या बुधवारचं. अकराच्या सुमारास मी कॉलवर होते. समोर सात माणसं, सिस्टीम बंद पडलेली, आणि दोष कोणाच्या माथी मारायचा याची चर्चा. दारात तुम्ही येऊन उभे राहिलात. मी माइक बंद केला आणि भुवया उंचावल्या. तुम्ही म्हणालात, “सूनबाई, वाडीपलीकडच्या खाणीच्या तळ्यावर कासवं ऊन खात बसलेली असतात. एखादं धरायचं तर इथे कोणाला विचारावं लागतं? आपल्याकडे आता बंदी आहे. मीही कित्येक वर्षांत धरलं नाही. इथलं काय ते तू बघून सांग.”

आणि मी काय म्हटलं?

“अण्णा, करा हो तुम्हाला हवं ते!”

माइक सुरू केला आणि पुन्हा सिस्टीमबद्दल बोलायला लागले. तुम्ही न्हाणीघरातून कपड्यांची जाळीची टोपली घेतलीत, दार हळूच ओढून घेतलंत. ते मी पाहिलं, अण्णा. टोपली पाहिली आणि काही विचारलं नाही.

दीड वाजता फ्राऊ क्रेमरांचा फोन आला. मी धावत वाडीवर पोचले तेव्हा तुम्ही अनवाणी, लेंगा गुडघ्यापर्यंत ओला, आणि टोपलीत ओल्या टॉवेलखाली ते. त्याच्या डोळ्यामागे लाल पट्टा. फ्राऊ क्रेमर हाताची घडी घालून उभ्या, मंडळाचे सेक्रेटरी घामाघूम, आणि निसर्ग संरक्षण विभागाचा एक तरुण अधिकारी फाइल उघडून वाट बघत होता. माझीच. भाषांतरासाठी.

“आल्झो, तर,” त्याने सुरुवात केली आणि नियम सांगितले. निसर्गातलं कासव पकडायला बंदी. घरी ठेवायला बंदी. इथलं मूळचं जे कासव आहे ते इतकं दुर्मीळ की त्याला हातसुद्धा लावायचा नाही. हे मात्र त्यातलं नव्हेच. हे अमेरिकेतलं, कोणीतरी हौसेने विकत घेतलेलं आणि कंटाळून तळ्यात टाकलेलं. ते इथल्या पाण्याला घातक, म्हणून ते कोणाला देता येत नाही, त्याची पिल्लं वाढवता येत नाहीत, आणि एकदा बाहेर काढलं की परत तळ्यातही सोडता येत नाही.

मी तुम्हाला हे सगळं सांगितलं. तुम्ही टोपलीकडे बघितलंत आणि विचारलंत, “मग त्याने जायचं कुठे?”

मी अधिकाऱ्याला हे विचारलंच नाही. वेडगळ वाटेल म्हणून.

अधिकारी म्हणाला, “त्यांना विचारा, त्यांनी असं का केलं.” आणि तुम्ही बोलायला लागलात. मास्तरांनी उभं केल्यासारखे हात मागे बांधून, सावकाश, मला भाषांतराला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबत. “कासव धरायचं तर भर दुपारी, ते ऊन खायला वर आलेलं असताना. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. जाळं लावायचं नाही, जाळ्यात अडकलं की त्याला वर येऊन श्वास घेता येत नाही आणि ते मरतं. गळ तर पापच. दोन्ही हातांनी मागच्या बाजूने उचलायचं, शेपटीला धरायचं नाही. अंडी घालायला निघालेली मादी दिसली तर आपण वाट सोडायची. एका विहिरीला एकच. विहिरीत त्याला चढून बसायला दगड हवा, नाहीतर पोहून पोहून थकतं. म्हणून हौदात मी आधी फळी लावली, साहेबांनी बघून घ्यावी. आणि ते खाईनासं झालं तर ज्या पाण्यातून आणलं तिथेच परत नेऊन सोडायचं, हा माझा नियम आहे. मी विकण्यासाठी किंवा खाण्यासाठी कधी धरलेलं नाही.”

तुम्ही थांबत होतात त्यातल्या एकाही ठिकाणी मी भाषांतर केलं नाही. मला फक्त ते संपायला हवं होतं. दोनला पुढचा कॉल होता. समीरच्या वर्क परमिटचं नूतनीकरण डोक्यात होतं. तुमच्या व्हिसावर काही लिहितील का, ही भीती होती. तुम्ही बोलायचे थांबलात तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जर्मनमध्ये म्हटलं, “ते फक्त भेटीला आलेत, त्यांना माहीत नव्हतं. ते सॉरी म्हणतायत.”

“गेनाऊ, बरोबर,” अधिकारी म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. “सूनबाई, मी बोललो ते सगळं एवढ्यात मावलं?”

आवाजात राग नव्हता. रागावला असतात तर बरं झालं असतं.

“अण्णा, प्लीज. घरी बोलू,” मी म्हटलं. घरी आपण बोललोच नाही.

कासवांच्या आश्रयगृहात जागा नव्हती, म्हणून अधिकाऱ्याने जागा होईपर्यंत तीन आठवडे ते आमच्याच बाल्कनीत टबमध्ये ठेवायला सांगितलं, तसा कागदही दिला. न पकडता येणारं, न पाळता येणारं कासव, सरकारी परवानगीने घरात! हे ऐकून तुम्ही मिशीत हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही नुसतं त्याचं पाणी बदलत राहिलात. वाडीवर पुन्हा पाऊल टाकलं नाहीत. चहा हवा का विचारलं तर “तुझं काम होऊ दे” म्हणायचात. सप्टेंबरात गावी परत गेलात. दर रविवारी फोन करायचात आणि मी उचलला तर, “बरी आहेस ना? समीर आहे का?” एवढंच.

एकदा तरी टोचून बोलायचं होतंत! ‘तूच म्हणाली होतीस, करा हवं ते’ असं एकदा समीरसमोर म्हणायचं होतंत. त्याने तुमच्यावर केवढा आवाज चढवला त्या संध्याकाळी. “अण्णा, इथे असले उद्योग चालत नाहीत, निदान विचारायचं तरी!” तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, “चुकलं माझं.” मी वरण वाढत होते. तुम्हाला वाढलं, त्याला वाढलं आणि भांडं घेऊन आत गेले. माझी नोकरी, माझा थकवा, माझे कॉल, सगळी कारणं माझ्याकडे होती. ती सगळी खरी आहेत. तरी काय उपयोग?

फेब्रुवारीत तुम्ही गेलात. झोपेतच, कोणाला न उठवता. समीर एकटा गावी गेला, मला रजा मिळाली नाही. खरं सांगू? मी जोर लावून मागितलीच नाही. मला तुमच्या घरात तुमच्या फोटोसमोर बसायचं नव्हतं.

तेराव्यानंतर समीर परतला. बॅग उघडता उघडता म्हणाला, “तुझं गावात फार नाव झालंय. बाळूकाका मला म्हणाले, तुमची मुग्धा म्हणजे कमाल रे बाबा! अण्णा सगळ्यांना सांगायचे, ‘तिकडच्या सरकारी साहेबासमोर सूनबाईने माझा शब्द न् शब्द जर्मनमध्ये सांगितला. पाच मिनिटं बोलत होती. साहेब मान डोलवत होता.’”

समीर हसत होता. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

तुम्ही खोटं बोललात, अण्णा. घरात जराशी थाप मारली तरी समीरचे कान पिळणारे तुम्ही, साऱ्या गावाशी खोटं बोललात. कोणासाठी, तर माझ्यासाठी! सुनेबद्दल कोणी वाकडं बोलू नये म्हणून. आणि ज्याच्यात माझी खरी चूक होती, ती दारातली दोन मिनिटं, ती तर तुम्ही कोणालाच सांगितली नाहीत. साहेबाला नाही, मुलाला नाही, भावालाही नाही. एवढं का सांभाळलंत मला? मी तुम्हाला काय दिलं होतं तीन महिन्यांत, वेळेवर चहा सोडून?

समोर जो खुलासा पडलाय त्यात मी सकाळी लिहिलंय, ‘आमचे वृद्ध नातेवाईक काही दिवसांसाठी आले होते. त्यांना नियमांची कल्पना नव्हती, क्षमस्व.’ समीर म्हणतो, हेच पाठव, बाग वाचेल. तसं खरंही असेल. इथे अज्ञानाला माफी आहे. जाणूनबुजून केलं म्हटलं की नाही. हिरवी मिरची, अळू, तुम्ही लावलेला तो गवती चहा, सगळं तिथे आहे. शहराच्या या गजबजाटात मला श्वास घ्यायला तेवढी एकच जागा आहे. ती जायला नको आहे मला, खोटं कशाला बोलू?

समीरला आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. आधी त्याला, मग मंडळाला.

शुक्रवारी चौथा विषय आला की मी उभी राहीन. कागद न वाचता बोलेन. तुमचं एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगेन, सावलीपासून फळीपर्यंत, कितीही वेळ लागला तरी. कोणी घड्याळ बघितलं तरी थांबणार नाही. कायद्याने ते चूकच होतं, हेही सांगेन. आणि शेवटी जे तुम्ही कधीच बोलला नाहीत ते बोलेन, की त्यांनी आधी परवानगी मागितली होती, माझ्याकडे, आणि ती मी दिली होती.

बाग गेली तर जाऊ दे, अण्णा. शब्द देते.

चुकलेली, पण तुमचीच सून,
मुग्धा