पत्ता चुकला, मजकूर नाही

दादर,
मंगळवार, सकाळी

तीर्थस्वरूप वसंतकाकांस,

ध्रुवचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक. तुमची प्रकृती कशी आहे, हे रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो आहे. फक्त उत्तर देऊ नका, ते मला पाठ आहे. रक्त तपासायला दिल्यावर डॉक्टर जयवंत नऊ दिवस गप्प होते, म्हणजे रिपोर्ट उत्तम, आणि नंतर आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी. रविवारी हे तुम्ही तिसऱ्या जिलबीबरोबर म्हणालात. फोनवर विषय काढला की 'आवाज येत नाही' म्हणून तुम्ही फोन ठेवता. कागदापुढे ती सबब चालणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण तुम्ही गिरगावभर सांगता तसा मी कम्प्युटर दुरुस्त करत नाही. लॅबमधले रिपोर्ट ज्या त्या दवाखान्याच्या कम्प्युटरवर पोचवायचे, हे आमचं काम. प्रत्येक दवाखान्याचा वेबवर एक पत्ता असतो. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळी वाट आखलेली असे. दवाखाना वाढला की वाट वाढली. मी हुशारी केली (हा शब्द नूपुरचा. ती माझी वरिष्ठ, आणि ती तो कौतुकानं वापरत नाही). वाट एकच ठेवली, आणि रिपोर्टवर दवाखान्याचं नाव वाचून पत्ता तिथल्या तिथे ठरवायचा असं केलं. तुम्ही टपालाच्या सॉर्टिंगमध्ये तेहतीस वर्षं दुसरं काय केलंत? पाकीट हातात आलं की पत्ता वाचायचा आणि ज्या त्या खणात टाकायचं. खरं तर ही कल्पना मला तुमच्यावरूनच सुचली, पण हे ऑफिसात सांगितलेलं नाही (आता तर सांगणारही नाही).

घोळ असा झाला. रिपोर्ट आधी वडाळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे सहीला जातो. तेवढ्यापुरती त्यावर वडाळ्याच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवायची आणि सही झाली की ती काढायची. मी काढली नाही. आमच्या यंत्रणेचा नियम असा, की चिठ्ठी चिकटलेली असली तर मागाहून ठरवलेल्या पत्त्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे सही झालेला प्रत्येक रिपोर्ट दवाखान्याऐवजी पुन्हा वडाळ्याला. आणि वडाळ्याचा कम्प्युटर इतका सभ्य, की एकदा आलेलाच रिपोर्ट परत आला तरी 'मिळाला' म्हणून पोच देत राहिला. माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार. नऊ दिवस मी ऑफिसात कॉलर ताठ करून हिंडलो. शेवटी वरळी कोळीवाड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी फोन करून विचारलं, की आमच्याकडचे सगळे एकाएकी निरोगी झाले आहेत का.

नूपुर ओरडली नाही. तिनं खुर्ची ओढली, यादी पुढ्यात ठेवली आणि प्रत्येक दवाखान्याला मीच फोन करायचा असं सांगितलं. एकशे चौदा रिपोर्ट. बहुतेक डॉक्टर चांगलं बोलले, आणि तेच जास्त लागलं. रिपोर्ट उघडायची आम्हाला मनाई आहे आणि मी एकही उघडला नाही. यादीत फक्त नावं होती. सत्तेचाळिसावं नाव तुमचं.

एका ओळीत दुरुस्ती झाली आणि त्याच दुपारी सगळे रिपोर्ट बिनचूक पोचले. मग मी तुमच्याकडे येऊन प्रामाणिकपणे कबुली दिली, ही माझी दुसरी चूक. तुम्ही नेमकी ती कबुलीच धरून बसलात. जयवंत डॉक्टरांनी काकूला फोन करून तुम्हाला घेऊन यायला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, ध्रुवच्या मशीननं गोंधळ घातलाय, माझ्या नावावर भलत्याचाच रिपोर्ट आलाय. चाळीतल्या चौघांनी माना डोलावल्या. (त्यातल्या दोघांना स्वतःची साखर तपासायची नाही, हे काकूनं मला सांगितलं.)

काका, माझी चूक शंभर टक्के मान्य. पण ती पत्त्याची होती. पत्ता चुकला, मजकूर नाही. भलत्या गावाला जाऊन आलेलं पाकीट तुमच्या हाती आलं, तर उशीर झाला म्हणून आतलं पत्र दुसऱ्याचं झालं, असं तुम्ही कधी म्हणालात का? तुम्ही ते निमूटपणे ज्याचं त्याच्या खणात टाकलंत. स्वतःचं पाकीट आलं तेव्हाच तुम्हाला पत्ता वाचता येईनासा झाला. मला सरळ सांगायचं तर भीती वाटते. त्या रिपोर्टात काय आहे मला माहीत नाही. पण मी न काढलेल्या एका चिठ्ठीच्या आडोशाला तुम्ही लपून बसला आहात, हे मला सहन होत नाही.

रागावू नये. रागावायचंच असेल तर तपासून आल्यावर रागावावं, मी ऐकून घेईन.

आपला,
ध्रुव

ता.क. जयवंत डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आजची. अकराची.

ता.क. दुसरा. पाकिटावर तिकीट नाही, हे तुम्ही वाचायच्या आधीच हेरलं असेल. पोचवण्याचं काम या वेळी मी कुठल्याच यंत्रणेवर सोपवलं नाही. पत्र दाराखालून सरकवलं आणि इथेच तुमच्या दाराबाहेर गॅलरीत उभा आहे.

ता.क. तिसरा. चहासाठी काकूला हाका मारू नका. ती आत नाही. साडी बदलून माझ्या शेजारी उभी आहे, आणि तुमच्या चपला तिच्या हातात आहेत.