बबडीचं लहानपण

शनिवार, ७ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा आहे. माझं अक्षर बघून पुन्हा काही झालं असं तुम्हाला वाटलं असणार, म्हणून आधीच सांगते की मी बरी आहे, रोज कामावर जाते आहे आणि मला पुन्हा दवाखान्यात भरती केलेलं नाही. उलट बातमी इतकी चांगली आहे की माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. आमच्या रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधायचं काम माझ्याकडे असतं. काल मी फांदीवर भरायचा एक डोळा, म्हणजे कोंब, चक्क उलटा बसवला. मालकीणबाई म्हणाल्या, "आज लक्ष कुठंय तुझं?" मी म्हटलं, "माझ्यावर." त्यांना काही कळलं नाही, पण हसल्या.

तर बातमी. मला स्किझोफ्रेनिया नाही. बहुधा कधीच नव्हता. मला ऑटिझम आहे, आणि तो जन्मापासूनच आहे. ऑटिझम म्हणजे फक्त लहान मुलांना असतो असं मला वाटायचं. पण ती मुलं मोठी होतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

झालं असं की आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझी फाइल वाचली, मिटली आणि म्हणाल्या, "तुम्हाला विसाव्या वर्षी जे प्रश्न विचारले होते, ते मी पुन्हा विचारू का?" मला ते प्रश्न पाठ होते. उत्तरंही पाठ होती.

"कुणी तुमच्यावर नजर ठेवतं असं वाटायचं?"

"हो."

आजवर सगळे इथेच थांबून लिहायला लागायचे. या बाईंनी विचारलं, "कोण?"

"वसतिगृहाच्या मॅडम. त्यांचं कामच ते होतं."

"तुमच्या मनातलं दुसऱ्याला कळतं असं वाटायचं?"

"हो."

"कोणाला?"

"आईला. सगळं कळायचं तिला."

वहिनी, त्या हसल्या, आणि मला पहिल्यांदा कळलं की यात हसण्यासारखं काही आहे. मग त्यांनी विचारलं की मी वसतिगृहात कपाटात जाऊन का बसायचे. हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी कपाटात बसते एवढंच सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं होतं. मी म्हटलं, खोलीतली ट्यूबलाइट गुणगुणायची, आणि तिघीजणी एकदम बोलायच्या. कपाटात कपडे असतात, त्यामुळे आवाज मऊ होतो. बाई छताकडे बघून म्हणाल्या, "इथलीही गुणगुणतेय का?" मी हो म्हटलं. त्यांनी उठून ती बंद केली आणि पुढचं सगळं आम्ही खिडकीच्या उजेडात बोललो.

माझा कुणावर राग नाही. चेहरा कोरा, बोलणं एकसुरी, समोरच्याकडे बघायचं नाही आणि मुक्काम कपाटात. अशी मुलगी समोर बसली तर मीही तेच म्हटलं असतं. शिवाय सगळंच खोटं होतं असंही नाही. त्या दिवसांत झोप पार उडाली होती, तेव्हा एकदा मला खरंच नसलेला आवाज ऐकू आला होता. तेही मी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, तेव्हा घाई नको. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, प्रत्येक भेटीत बघून थोड्या थोड्या कमी करायच्या. मी ऐकते आहे. काळजी नसावी.

आता पुढचं लिहायचं तर जरा अडखळायला होतंय. चहा करून आले, तरी अडखळतेच आहे.

बाईंना माझं लहानपण सांगणारं माणूस हवं होतं. स्किझोफ्रेनिया असेल तर माणूस आधी एका तऱ्हेचं असतं आणि मग कधीतरी बदलतं. ऑटिझम असेल तर खुणा अगदी लहानपणापासून दिसतात. माझ्या लहानपणी मला बघणारं आता आहे कोण? आई नाही, बाबा नाहीत. राहिला दादा.

वहिनी, दादा मागच्या मंगळवारी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेला नव्हता. तो इथे आला होता. तुम्हाला सांगू नको म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नुसती मान हलवली. पण मान हलवली म्हणजे हो म्हटल्यासारखंच असतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा पळवाट काढत नाही. शब्द मोडते आहे आणि तुम्हालाच लिहिते आहे.

तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. बाई एकेक विचारत होत्या आणि तो छान सांगत होता. ही आईच्या डब्यातली बटणं तासन्‌तास ओळीने मांडायची. मिक्सर लागला की कान झाकून अंगणात पळायची. कुणी पाहुणे आले की पलंगाखाली जायची. मला ऐकायला इतकं बरं वाटत होतं. माझ्याकडे कुणीतरी एवढं लक्ष देऊन बघितलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मग तो म्हणाला, "आणि कपड्यांची लेबलं. नवा ड्रेस आणला की आधी लेबल कापायचं. ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागला की उठून जाते. फोन करायचा तर आधी आरशासमोर वाक्यं पाठ करते."

मी म्हटलं, "दादा, मी लेबलं नाही कापत."

त्याने हेल्मेट खाली ठेवलं. म्हणाला, "तू नाही."

बाईंनी विचारलं, "मग कोण?"

"माझी मुलगी," म्हणाला, आणि रडायला लागला. आई गेली तेव्हा रडला होता, त्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघितलं.

मग त्याने सगळं सांगितलं. बबडीने कॉलेज सोडलंय, खोलीतून बाहेर येत नाही, दार लावून एकटी बोलते, सगळे माझ्याकडे बघून हसतात म्हणते. अठरा तारखेला तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय, आणि तुम्ही स्वयंपाकघरात बसून 'आत्याचंच आलं तिच्यात' म्हणून रडता.

तुम्ही तसं म्हणालात याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण थोडंच. बबडी शाळेत जायला लागली तेव्हापासून तुम्ही तिला माझ्याकडे एकदाही पाठवलं नाहीत. ते आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता लिहून झालं, राहू दे.

माझं मागणं एवढंच आहे. दादाला एकट्याला पाठवू नका, तुम्ही जा. तो घाबरला की प्रत्येक गोष्टीला 'हो डॉक्टर' म्हणतो. बबडीचं लहानपण तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ते डॉक्टरांना पहिल्यापासून सांगा, त्यांनी घड्याळाकडे बघितलं तरी सांगत राहा. आणि जायच्या आधी बबडीलाच विचारा, कोण हसतं? दाराआड कुणाशी बोलतेस? ती खरं सांगेल. आम्हाला दुसरं जमत नाही.

तिला ऑटिझमच आहे असं मी म्हणत नाही. आमच्या बाईसुद्धा म्हणाल्या नाहीत, न बघितलेल्या मुलीबद्दल त्या बोलणार नाहीत. कदाचित तिला स्किझोफ्रेनियाच असेल. वॉर्डात माझी एक मैत्रीण झाली होती, शिवणकाम करणारी. तिला खरोखरच स्किझोफ्रेनिया होता आणि गोळ्यांनी तिला तिचं घर, तिची मशीन, सगळं परत मिळवून दिलं. तसं निघालं तर एक दिवसही दवडू नका. पण जे काही असेल ते नीट बघून ठरू दे.

दादाला बोलू नका. तो आला म्हणून मला माझं लहानपण मिळालं.

तुमची नणंद

रविवार, २९ मार्च

प्रिय वहिनी,

तुझ्याच हुकमावरून 'तू' लिहिते आहे. हात वळत नाही, पण वळेल.

परवा फोनवर तू इतकी भरभर बोललीस की मी नुसती हं हं करत राहिले. आता शांतपणे सगळं मांडून बघते, चुकलं तर दुरुस्त कर.

तू बबडीला विचारलंस, कोण हसतं. तिने सरळ पाच मुलींची नावं सांगितली आणि मोबाइल पुढे केला. कँटीनमध्ये ती कान झाकून बसलेली, आणि तिच्यावर हसत हसत केलेला तो व्हिडिओ अख्ख्या वर्गात फिरला होता. तू तो शेवटपर्यंत बघितलास. दाराआडचं बोलणं म्हणजे दुसऱ्या दिवशी सरांना काय सांगायचं त्याची तयारी होती. कॉलेज सुटलं तरी तिची तयारी चालूच होती. हे ऐकून मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी कुणाला जवळ घेत नाही हे तुला माहीत आहे.

मग तू डॉक्टरांसमोर तासभर बोललीस. दादा म्हणाला, "तुझी वहिनी वकील व्हायला हवी होती." डॉक्टर म्हणाले की आत्ता भ्रमाची लक्षणं दिसत नाहीत, गोळ्या नकोत, ऑटिझमची रीतसर तपासणी करू. मात्र तिची झोप आणि वागणं यांत काही नवं दिसलं तर लगेच या. बरोबर ना? तो शेवटचा भाग विसरू नकोस. मीही विसरणार नाही.

मालकीणबाईंना मी सगळं सांगितलं, मग कलमं बांधणाऱ्या बायकांना सांगितलं, मग पाणी देणाऱ्या काकांना. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा दोनदा सांगितलं.

मग बबडीने तुझ्या हातातून फोन घेतला. विचारलं, "आत्या, तुझ्याकडे किती माणसं असतात?"

मी म्हटलं, "मी एकटी."

"आणि तू खूप बोलतेस?"

"फार थोडं."

"मग मला चालेल," म्हणाली आणि फोन तुला देऊन टाकला. नमस्कार नाही, काही नाही. मला तिचं इतकं कौतुक वाटलं.

त्यावर तू विचारलंस, "उन्हाळ्यात तिला पाठवू का तुझ्याकडे?" आणि मी गप्प झाले. फोन कट झाला असं वाटून तू दोनदा हॅलो म्हणालीस. मी रागावले नव्हते गं. मला वाक्यच सापडत नव्हतं. काल काम करताना सापडलं. एवढंसंच आहे.

पाठव.

बबडीची आत्या