बाजूला ठेवलेला लॉट

सर,

आज आमच्या क्लबाची वार्षिक सभा होती आणि तासभर बोलणं झालं ते फक्त गोळ्यांच्या भावावर. इथे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नच्या बाहेर, जंगलाला लागून असलेला हा नेमबाजांचा जुना फेराइन, म्हणजे क्लब. शिकायला आले त्याच वर्षी मी इथे नाव घातलं, ते तुम्हाला मी लगेच कळवलं होतं. नोकरी लागली तरी क्लब सुटलेला नाही. नव्या मुलांना आता एअर रायफलच द्यावी, टू-टू रायफलची खरी गोळी कुणाला परवडत नाही, असं खजिनदार बाई म्हणाल्या. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "आधी अफगाणिस्तान होतं, मग इराक झालं, आता तांबं आणि शिसं. कारण दर वर्षी नवीन, भाव मात्र एकाच दिशेला." "गेनाऊ, अगदी खरं," म्हणत सगळे हसले. मला हसता आलं नाही. इराकचं युद्ध सुरू झालं त्या वसंतात तुम्ही मला याच भावाबद्दल विचारलं होतं आणि मी तुम्हाला उत्तर दिलं होतं. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली, पण ते उत्तर दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

तुम्हाला खरं तर विचारायची गरज नव्हती. कारगिलच्या उन्हाळ्यात आपण ते सगळं पाहिलं होतं. सांगलीच्या त्या शाळेमागे, मातीचा बांध घालून तुम्ही उभी केलेली आपली रेंज, आणि तिथे एकाएकी काडतुसं यायची थांबली, कारण कारखान्यात फौजेचं काम आधी. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत होतं. तुमच्या घरी येऊन मी म्हणाले होते की सीमेवर माणसं मरत असताना आपण नेमबाजी करणं बरोबर नाही, रेंज बंद ठेवावी. काकू माहेरी गेल्या होत्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून पोह्यांसाठी कांदा चिरत होता. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. "अगं, आपण कागदाला भोकं पाडतो. ज्यांनी युद्ध काढलं त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि मी रेंज बंद केली तर त्यांना कळणारही नाही. उद्या सहाला ये. गोळी नसेल तर रिकामी रायफल धर." कांद्यानं डोळे तुमचे वाहत होते आणि रडू मला येत होतं. मग बशी पुढे करून म्हणालात, "आधी खा. तत्त्वं उपाशीपोटी सांगू नयेत." तीन महिने आम्ही मुली रिकाम्या रायफली धरून पडून राहिलो. माझा हात स्थिर झाला तो त्या तीन महिन्यांत.

त्यानंतर चार वर्षांनी तुमचं पत्र आलं. तुमच्या अक्षरातलं, नेहमीचं हवाईपत्र नव्हे, चांगल्या जाड पाकिटातलं. बाहेरून काडतुसं मागवायचा परवाना दोन वर्षं खेटे घालून अखेर हातात पडला होता. तो वर्षभरच चालणार होता. आई-वडिलांनी पैसे जमवले होते. आणि ती एक मुलगी होती, एसटी कंडक्टरची, माझ्यानंतर तुम्ही घडवलेली. ज्युनियर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. तुम्ही लिहिलं होतं, "देशी गोळीवर ही आता पुढे जायची नाही. इराकचं सुरू झालंय, भाव चढणार असं मला वाटतं, पण मी पडलो ड्रिलमास्तर. तू तिथे आहेस, शिकलेली आहेस. दुकानात विचार आणि कळव, आत्ता घेऊ की थांबू?" आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. माझं शिक्षण कुणाच्या उपयोगी पडायची वेळ येते तेव्हा कसं वाटतं, ते मला त्या पत्रानं कळलं.

त्या दिवसांत या गावावरून अमेरिकन लष्कराची मोठी विमानं जायची. शेजारीच त्यांचा तळ आहे. विद्यापीठात युद्धाविरुद्ध आमचे मोर्चे निघत होते आणि मी प्रत्येक मोर्च्यात होते. अशाच एका दुपारी मोर्चा संपल्यावर मी बंदुकांच्या दुकानात गेले. हातातला फलक बाहेर भिंतीला टेकवून ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून. दुकानात रांग होती. पिस्तूलवाले खोकीच्या खोकी उचलत होते. रायफलवाले आपला लॉट शोधत होते. एकाच वेळी तयार झालेल्या गोळ्यांचा तो लॉट, सर. प्रत्येक रायफलला त्यातला एखादाच मानवतो, म्हणून तो सापडला की इथले लोक तीन-तीन वर्षांचा साठा एकदम करतात. दुकानदार म्हातारा होता. म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं संध्याकाळी बातम्या बघतात आणि सकाळी इथे येतात. जगात काय चाललंय ते मला यांच्या पिशव्यांवरून कळतं." मी तुमचं पत्र समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आल्झो, तर मग, शिक्षकांना सांगा, आजच घ्या. कारखाने आधी सैन्याचं करतील, उरलेलं हे लोक उचलतील. आणि भाव चढले की पुन्हा खाली येत नाहीत. तुमच्या शिक्षकांसाठी एक लॉट पंधरा दिवस बाजूला ठेवतो. परवान्याची प्रत मागवा, बाकीचे कागद मी करतो." त्यानं लॉटचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. मी निघाले तेव्हा खिडकीकडे पाहून म्हणाला, "तो बाहेरचा फलक तुमचाच ना? विसरू नका."

हा शेवटचा शब्द मला झोंबला. मोर्च्यातल्या मैत्रिणींना काय सांगणार होते मी? आपल्याच गावावरून बॉम्ब नेणारी विमानं जात असताना मी हजारोंनी गोळ्या मागवत होते? तुम्ही चार वर्षांपूर्वी याचं उत्तर देऊन ठेवलं होतं, पण मला माझंच हवं होतं. फोनच्या दुकानातून तुम्हाला फोन लावला.

"सर, थांबा. दुकानदार म्हणतो, युद्ध दोन महिन्यांत संपेल, मग भाव उतरतील."

"असं म्हणतो? नक्की?"

"नक्की. विचारलं मी."

"बरं झालं बाई तुला विचारलं. मी उगाच घाई केली असती."

भाव उतरले नाहीत. दिवाळीपर्यंत जमवलेल्या पैशांत निम्म्याच गोळ्या येतील असं झालं, आणि मग परवान्याची मुदत संपली. ती मुलगी देशी गोळीवर स्पर्धेला गेली आणि निवडीतून थोडक्यात राहिली. तुम्ही मला लिहिलंत, "कुणाला माहीत होतं? तुझा काही दोष नाही." पुढच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. ती मुलगी आता तुमच्या रेंजवर लहान मुलींना शिकवते असं ऐकते.

पण एवढंच असतं तर ते मी तुम्हाला तुमच्या हयातीतच सांगितलं असतं, असं मला वाटतं. पंधरा दिवसांनी त्या म्हाताऱ्यानं लॉट मोकळा केला आणि आमच्या क्लबानं तो घेतला. पहिलं खोकं उघडलं तेव्हाच मी नंबर ओळखला. क्लबाच्या रायफलला तो इतका मानवला की त्या उन्हाळ्यात माझा आयुष्यातला सर्वांत चांगला स्कोअर झाला. मोर्चे तोवर थांबले होते आणि गोळी झाडताना मला कसलाच संकोच वाटला नाही. त्या टार्गेटचा फोटो मी तुम्हाला पाठवला आणि तुम्ही तो रेंजच्या भिंतीवर लावलात, मुलींनी बघावा म्हणून. काकू म्हणतात, तो अजून तिथे आहे.

हे पत्र काकूंच्या पत्त्यावर पाठवता येईल. पण त्यांना आता नीट दिसत नाही, आलेली पत्रं काकू त्या कंडक्टरच्या मुलीकडूनच वाचून घेतात.